अभिजितभोवतीची धूळ

टुसानला ॲरिझोना विद्यापीठात आले तेव्हा माझ्याकडे आधी स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या जुन्या नोंदी तपासायचं काम आलं. तिचं लांब तरंगलांबीचं उपकरण इथल्याच गटाचं. उपकरणं थंड ठेवणारं तिच्यातलं द्रवरूप हीलियम मे २००९मध्ये संपलं, पण डेटा अजून पुरून उरतो.

सरावासाठी मी आधी अभिजित ताऱ्याचा आलेख काढला. ताऱ्याचं तापमान ठाऊक असलं की कुठल्या तरंगलांबीला त्याच्याकडून किती ऊर्जा यायला हवी हे गणिताने कळतं. त्याची उतरती रेघ ओढली आणि मोजलेले आकडे मांडत गेले. १२ मायक्रॉनचा ठिपका रेघेवर नीट बसला. २५चा थोडा वर. ६०चा आणि १००चा मात्र रेघेला सोडून पार वर. १९८३मध्ये आयरास उपग्रहाची मोजमापं पडताळायला अभिजित घेतला होता, कारण तो भरवशाचा तारा समजला जाई. ऑमन आणि जिलेट या शास्त्रज्ञांना ही जादा ऊर्जा सापडली ती त्या पडताळणीत. तारा साडेनऊ हजार केल्विनचा, पण ही ऊर्जा उणे १९० सेल्सियसच्या आसपासच्या धुळीची.

मला ओढ लागली ती पुढच्या प्रश्नाने: ही धूळ टिकते कशी? अगदी बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबाने बाहेर फेकले जातात, जरा मोठे हळूहळू आत पडतात. कित्येक कोटी वर्षांच्या ताऱ्याभोवती मूळची धूळ उरायलाच नको. म्हणजे ही नवी आहे. दुर्बिणीला न दिसणारे खडक आणि बर्फाळ गोळे तिथे आजही एकमेकांवर आदळून फुटताहेत, आणि आपल्याला दिसतो तो त्यांचा चुरा.

रोजचा वेळ मात्र खोटी धूळ वगळण्यात जातो. ७० मायक्रॉनच्या चित्रात उजळ ठिपका ताऱ्यापासून किंचित जरी सरकलेला दिसला, तरी मी थांबते. बहुधा मागची एखादी दीर्घिका निघते, नाहीतर आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा पिंजलेल्या कापसासारखा पुंजका. असा तारा धूळवाल्या ताऱ्यांच्या यादीतून काढताना जिवावर येतं, पण काढावाच लागतो.

वेब दुर्बिणीने २०२३मध्ये फोमलहॉट ताऱ्याभोवती धुळीचे एकात एक तीन पट्टे दाखवले. २०२४मध्ये अभिजितची चकती दिसली ती जवळजवळ सलग. दोन्ही तारे २५ प्रकाशवर्षांवर, वयाने आणि जातीने जवळचे. मग एकाभोवती पट्टे का आणि दुसऱ्याभोवती का नाहीत? ग्रहांमुळे असेल, पण नक्की उत्तर अजून नाही. माझ्या यादीत मी सध्या अशाच जोड्या शोधते आहे.