गृहीतकांचा रकाना

चकलांबा, ता. गेवराई
नागपंचमीनंतरचा रविवार

चि. माई,


ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह काढायचा तुझा प्रस्ताव मिळाला. मोबाइलवर अक्षरं पुसट दिसतात म्हणून छापून घेतला. भाषा तुझी लहानपणापासून चांगली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात बरं दिसेल असं काहीतरी लिहून द्या, बाकी सगळं झालंय." ते ऐकल्यापासून मी तुझ्या मामीशी धड बोललेलो नाही. ती म्हणते, भाचीवरचा राग माझ्यावर कशाला? तेही खरंच. फोनवर तू मध्येच "हो हो" करतेस आणि माझा धागा तुटतो, म्हणून कागद घेतला.

शेवटचा रकाना म्हणजे गृहीतकांचा. अगं, ध्येय, उद्देश, फलित, कामं आणि त्यांच्यासमोर मोजमाप न् पुरावे ही बारा घरं तू भरलीस. ती पुण्यात बसून कुणीही भरील. राहिलेली चार घरं भरायला चकलांब्यात यावं लागतं. तीच तू माझ्यावर ढकललीस, आणि वर 'बरं दिसेल असं' म्हणालीस!

हा लॉगफ्रेमचा तक्ता कुठून आला हे तुला तुमच्या प्रशिक्षणात सांगितलंच असेल. १९६९ साली अमेरिकेच्या यूएसएड या मदत-खात्यासाठी लिऑन रोझेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो बसवला. त्या खात्याच्या योजना मोघम असायच्या. काय साधलं म्हणजे काम झालं म्हणायचं आणि नाही झालं तर जबाबदार कोण, याचा पत्ता नसायचा. म्हणून हा रकाना: आपल्या हातात नसलेलं, पण ज्यावर सगळं टेकलंय, ते आधीच उघड सांगून टाकायचं. म्हणजे नंतर भांडण नको. प्रामाणिक माणसाची सोय आहे ती. पुढे जर्मनांच्या जीटीझेड या मदत-संस्थेने ऐंशीच्या दशकात त्याच्या आधी समस्येचा वृक्ष जोडला, भिंतीवर कार्डं लावून कारणं खाली, परिणाम वर. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: उपायाचा अभाव ही समस्या म्हणून लिहायची नाही. आणि तू पहिल्याच पानावर काय लिहिलंस? 'मुख्य समस्या: हंगामी वसतिगृहाचा अभाव.' म्हणजे औषध आधी ठरलं आणि मग त्याला शोभेलसा आजार शोधला.

शिवाय अभाव आहे तरी कुठे? सरकारची हंगामी वसतिगृह योजना शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालते, पोरांना आजीपाशी ठेवून जेवण देतात. कशी चालते ते तू नि मी जाणतो. पण निधी देणारा पहिलाच प्रश्न विचारणार, सरकारचं असताना तुमचं कशाला? त्याचं उत्तर तुझ्या सगळ्या पानांत मला सापडलं नाही.

आता गृहीतकं. तू पेन्सिलीने टिपून ठेवलंयस, 'पालक मुलांना मागे ठेवण्यास तयार होतील.' कोणत्या मुलांना, माई? आठवीतल्या पोराला ठेवतात. त्याची बहीण मात्र जाते, कारण तिच्यामागचं दीड वर्षाचं लेकरू आईबरोबर जातं. आई-बाप पहाटे फडात उतरले की कोपीवर त्याला सांभाळायचं कुणी, चुलीवर लक्ष ठेवायचं कुणी, पाणी आणायचं कुणी? हीच सहावीतली पोरगी. तुझं वसतिगृह ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, चांगल्या इमारतीत, तिन्ही त्रिकाळ जेवण देणारं. तिच्या कामाचं नाही ते. तिला थांबवायचं तर आधी त्या तान्ह्याचा बंदोबस्त पाहिजे, इथे नाहीतर तिथे, फडाजवळ. हे एक गृहीतक जमिनीवर तपासलं असतंस तर अख्खा प्रस्ताव वेगळा झाला असता. पोरांनी भरलेलं वसतिगृह उभं राहील, फोटो येतील, आणि ज्या पोरींच्या नावाने पैसे मागितले त्या कोल्हापूरकडे पाचट उचलत असतील.

तुला आकडे आवडतात, तर घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं १८ च्या आत झालेली निघाली. याचं एक मूळ कोयत्यात आहे. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. पोरगी लग्न होऊन गेली की सासरी कोयता पुरा होतो. समस्येचा वृक्ष काढायचाच तर हे मूळ खाली दाखव, आणि तुझं वसतिगृह कोणत्या फांदीवर बसतं ते बघ.

कॅलेंडरचं तर मी तुला किती वर्षं सांगतोय. कोणताही प्रस्ताव असो, आधी गावाचं बारा महिन्यांचं कॅलेंडर काढायचं, तेही गावाकडून. गावाच्या सहभागाने गावाचा अभ्यास करणारे पीआरएवाले हेच करतात, खडे नि बिया घेऊन. गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या ओसरीवर मी खडूने बारा चौकटी आखल्या आणि वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना चिंचोके दिले, अडचण जास्त तिथे जास्त टाका म्हणालो. मला वाटलं कार्तिकावर रास पडणार, टोळ्या निघतात तेव्हा. एका आजीने कार्तिकात एकच टाकला आणि मूठभर चिंचोके माघाच्या चौकटीत ओतले. म्हणाली, लेक जाताना हातावर थोडं ठेवून जातो, कापसाची वेचणी असते, दिवाळीचं घरात असतं. माघापर्यंत सगळं सरतं, दुकानदार उधारी तोडतो, नातू तापाने फणफणतो आणि पट्टा पडून हंगाम संपायला अजून दोन महिने असतात. तुझ्या अंदाजपत्रकात प्रत्येक महिन्याला सारखीच रक्कम आहे. औषधाला वर्षाचे मिळून किती ठेवलेत ते मी इथे लिहीत नाही, मामी वाचते.

आणि उचल? ती पावसाळ्यातच वाटली जाते. ज्या दिवशी पैसे घरात आले त्याच दिवशी ठरतं कोण जाणार, कोण राहणार. तू पालकांच्या सभा ठेवल्यास ऑक्टोबरात. तोवर ट्रॅक्टर दाराशी आलेला असतो! सभा पोळ्याच्या आत व्हायला पाहिजेत, आणि त्या सभांना मुकादमही बोलवायला पाहिजे, तू नाक मुरडलंस तरी.

पैशाचं कॅलेंडर तिसरंच. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात आणि त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आपला हंगाम दसऱ्यानंतर सुरू होऊन कधी मार्च, कधी एप्रिलपर्यंत चालतो. तुझं वसतिगृह तू ३१ मार्चला बंद दाखवलंस. परीक्षा एप्रिलात, आई-बाप फडावर, आणि पोरं कुठे? कंपनीला सांग, हे काम पहिल्यापासूनच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करा. २०२१ च्या नियमांत तशी तरतूद आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात आणि शिल्लक पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येतो. हे न मागता कुणी देत नाही. आणि अधीक्षिकेचा पगार प्रशासकीय खर्चात टाकून तो कापत बसू नकोस. २० टक्क्यांची मर्यादा २०२० पासून आहे ती परदेशी देणग्यांना, आणि तिथेसुद्धा शिकवणाऱ्याचा, प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत. एवढ्या पोरींवर एकच बाई, रात्रीचं काय? या एका ओळीने मला दोन रात्री झोप लागली नाही.

तू म्हणशील, मामा, असं गावाला विचारत बसलो तर तारीख निघून जाते. पण शेजारच्या नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी जर्मन पैशावर पाणलोटाचं काम उभं केलं, १९९३ साली वॉटर संस्था निघाली. तिथे गट नंबर धरून, शेतकरी नवरा-बायकोला त्यांच्याच बांधावर उभं करून आराखडा व्हायचा, नेट प्लॅनिंग म्हणायचे. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी पाळायची, थोड्या क्षेत्रावर काम करायचं, मगच मोठी रक्कम. जर्मन थांबले ना? मग तुझी ती कंपनी पंधरा दिवस थांबणार नाही? विचारून तरी बघितलंस का? तुला मागायची लाज फार, अगदी तुझ्या आजोबांसारखी.

फार लिहिलं. प्रस्ताव मागे घे असं मी म्हणत नाही. मुदत मिळाली तर घे. नाही मिळाली तर यंदा फक्त पाळणाघर आणि मोठ्या पोरी एवढंच माग, आकडा लहान ठेव. तुझी तब्येत कशी आहे तेही एका ओळीत लिही, आवाज बसलेला वाटला.

वस्तीवर उचल वाटायला सुरुवात झाली आहे. त्या सहावीतल्या पोरीच्या आईशी मी बोललो. ती म्हणाली, थोरलीला ठेवते, पण धाकट्याचं काय करता ते आधी सांगा. गुरुवारपर्यंत तिला काहीतरी सांगायला पाहिजे. काय सांगू, ते कळव.

तुझा
मामा