पाय तापलाय!

मंडळी, रास्पबेरी पाय हे नाव मराठी घरात जरा अडचणीचंच. मी 'पाय तापलाय' म्हटलं की आई काशाची वाटी शोधायला लागते. :-) असो.

तर आमचा पाय ४, २०१९ मध्ये आला त्या पहिल्या तऱ्हेचा. मूळ वेग १५०० मेगाहर्ट्‌झ. त्यावर बाबांनी स्कॅन केलेले जुने फोटो आहेत. बाबांना काचबिंदू आहे. दिसतंय तोवर प्रत्येक फोटोतली माणसं ओळखून नावं लिहायची, असं त्यांनी मनावर घेतलंय. पण एकेक मोठा फोटो उघडताना पाय इतका रेंगाळतो की ते वैतागतात. "अरे, वाढव की स्पीड! इंजिनियर ना तू?"

वाढवता येतो. सेटिंगच्या फायलीत दोन ओळी लिहायच्या: फ्रिक्वेन्सी २०००, ओव्हर-व्होल्टेज ६. व्होल्टेजची एक पायरी ०.०२५ व्होल्टची, म्हणजे सहा पायऱ्यांचे ०.१५. दिसायला किरकोळ. पण चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, शिवाय वेगामुळे वाढते ती वेगळीच. त्या सगळ्याची उष्णता होते. ८० अंशांच्या पुढे पाय आपणहून वेग कमी करू लागतो, ८५ ला तर चांगलाच. पुण्यातला मे महिना आणि पंखा नाही, म्हणजे संपलंच.

चिपचं तसं मला टेन्शन नाही, ती स्वतःला सांभाळते. २०१२ मध्ये तर पहिल्या पायला ७०० वरून १००० पर्यंत न्यायची मुभा बनवणाऱ्यांनीच दिली होती, वॉरंटी शाबूत ठेवून.

भीती वाटते ती एसडी कार्डाची. वेग झेपला नाही तर मशीन लिहिता लिहिता लटकतं आणि फायली खराब होतात. त्यात मोबाइलचा एखादा मरतुकडा चार्जर लावलेला असला, तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकतं. बाबांना ते चिन्ह दिसणार नाही.

म्हणून आधी फोटो वेगळ्या डिस्कवर, एक प्रत ताईकडे नाशिकला. मग ३ अँपिअरचा ॲडॅप्टर आणि पंखा. मग १७५०, रात्रभर टेस्ट, मग १९००. २००० वर तिसऱ्या तासाला लटकला, तेव्हा १९०० वरच ठेवलाय.

रविवारी बाबांनी चाळीस फोटो संपवले. एकेचाळिसाव्यात मुंजीतला एक चकोट मुलगा आहे. बाबा म्हणतात बंडू. आई म्हणते, "अहो, तुम्हीच ते!" अजून ठरलेलं नाही.