आईची लोकर

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. येथील पौषातली थंडी तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. त्या थंडीसाठी आईने विणलेला राखाडी स्वेटर तिच्या पश्चात चार वर्षे पेटीत पडून होता. तो जपावा की मुलीसाठी उसवावा, या विचारात हात अनेकदा मागे आला. अखेर मी तो उसवला.

कोपरांवर झिजलेली लोकर वगळल्यावर उरलेली लोकर एका स्वेटरला पुरणार नव्हती. म्हणून पट्टे आले. हौसेने नव्हे, उणिवेतून. उसवलेल्या लोकरीच्या लड्या कोमट पाण्यात धुतल्या आणि वळ्या मोडाव्यात म्हणून हलके वजन बांधून वाळवल्या. जोडीची लोकर निवडताना रंगाआधी जाडी पाहिली. धनगरी घोंगडीचा काळा रंग मनात होता; पण दख्खनी मेंढीची भरड लोकर कोवळ्या मानेला टोचली असती. म्हणून मऊ, गडद लाल लोकर घेतली आणि छोटा नमुना विणून, धुऊन, तिचा रंग उतरत नाही ना, हे पाहिले.

तुम्ही असे विणाल, तर प्रत्येक पट्टा सम ओळींचा ठेवा. मग दोन्ही धागे एकाच कडेला भेटतात, दर पट्ट्याला तोडावे लागत नाहीत.

विणताना राखाडी धाग्यात आईने मारलेली एक गाठ लागली. तिलाही कधीतरी लोकर अपुरी पडली होती. ती गाठ मी कापली नाही. आतल्या बाजूला घेऊन पुढे विणत राहिले.