पौषात लागलेली उन्हाळी



मागच्या आठवड्यात ओपीडीत एक नवी नवरी आली. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. सोबत सासूबाई होत्या. काय त्रास होतो म्हणून विचारलं, तर मुलगी फरशीकडे बघत बसली आणि सासूबाईंनीच उत्तर दिलं, "पोटात दुखतं तिच्या." त्यांना वजनाच्या काट्याकडे पाठवलं, तेव्हा खरा प्रकार कळला. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं, गेलं की चार थेंब. किती दिवस? तीन आठवडे.

तिला चांगलं रागवावं असं मनात आलं होतं. पण त्यासाठी आपलं तोंड आधी स्वच्छ हवं. बारा वर्षांपूर्वी मीही नेमकं हेच केलं होतं, आणि तेव्हा माझ्या नावामागे डॉक्टर लागलेलं होतं. आज तीच गोष्ट सांगते. जरा लाजिरवाणी आहे, पण लाजण्याचं वय आता गेलं.

माझं माहेर मुरबाड, सासर शहापूर. नकाशावर दोन्ही तालुके एकमेकांना चिकटलेले. किन्हवली, सरळगाव करत गेलं की माहेर आलंच. पण एक मोठा फरक आहे. मुरबाडला रेल्वे नाही. आम्ही एसटीची माणसं. लहान मूल रडवेलं झालं की मागून कोणीतरी ओरडतं, "मास्तर, जरा थांबवा हो गाडी!" आणि कंडक्टर घंटी मारतो. लग्न करून शहापुरात आले आणि रोज आसनगावहून ठाण्याला लोकलने नोकरीला जायला लागले, तेव्हा कळलं की मोटरमनला अशी हाक मारता येत नाही. आणि लोकलला संडासही नसतो.

गाडी वेळेवर असली तर सव्वा तास. वेळेवर नसली तर टिटवाळ्याच्या अलीकडे कुठेतरी उभी राहते आणि मग देवच जाणे. बायकांच्या डब्यातल्या माझ्या ग्रुपने पहिल्याच आठवड्यात मला दीक्षा दिली. मटार सोलता सोलता एक ताई म्हणाल्या, "डॉक्टर, घरून निघताना चहा अर्धाच घ्यायचा आणि पाण्याची बाटली आणायची ती फक्त दाखवायला." मी हसले. महिन्याभरात माझीही बाटली सकाळी जशी भरायची तशीच संध्याकाळी परत यायची. मधले सात तास मी पेशंटना सांगत असे, "भरपूर पाणी प्या हं."

आता घरचं ऐका. भातसा, तानसा ही धरणं आमच्या तालुक्यात. तानसा तर 1892 पासून मुंबईची तहान भागवतंय. आणि आमच्याकडची कितीतरी गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आमच्या घरी नळ होता, पण त्याला पाणी यायचं पहाटे, तेही तासभर. घरात माणसं आठ. संडास परसात, तिथे नळ नाही, बादली घेऊन जायचं. म्हणजे एकदा जाऊन यायचं तर अर्धी बादली खर्च. नव्या सुनेला कोणी काही बोलत नव्हतं, पण पिंपातलं पाणी किती खाली गेलं ते सगळ्यांना दिसायचं. निदान मला तरी तसं वाटायचं.

त्यात परसाकडे जायची वाट मागच्या पडवीतून, आणि पडवीत दादांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बाज. संध्याकाळी तिथे गावगप्पांची बैठक बसायची. भाताचा भाव, ग्रामपंचायत, कुणाच्या म्हशीने किती दूध दिलं. बादली घेऊन निघालेली सून कुठे चाललीय हे सांगायला पाटी लागत नाही. मी दाराआडून बघायची, बैठक चालूच. परत स्वयंपाकघरात. पुन्हा बघायची, आता दुसरा चहा मागवलेला, आणि तो करायचाही मीच. असं करत रात्रीचे नऊ वाजायचे.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा आली. मुरबाडच्या माणसाला म्हसोबाची यात्रा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आमच्या ह्यांना मी मोठ्या हौसेने घेऊन गेले. बैलबाजार बघितला, घोंगडी घेतली, गोडीशेव खाल्ली, सगळ्या मावश्या-आत्यांना जावई दाखवून झाला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत लघवीला गेले नाही. एवढ्या गर्दीत जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी जळजळ सुरू झाली.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. तिसऱ्यांदा बादली उचलली तेव्हा म्हणाल्या, "उन्हाळी लागली असंल गो तुला. उष्णता झालीय. बेंबीवर ओलं फडकं ठेव, आणि धन्याचं पाणी पी."

पौषात, अंगावर दोन चादरी घेऊन झोपायच्या दिवसांत, उन्हाळी! मला हसू आलं. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आई, असं काही नसतं."

असं काही नसतं हे खरं, पण असतं काय, ते आता सांगते.

आपल्या आतड्यात जंतू असतात, त्यातला ई-कोलाय हा मुख्य. आतड्यात तो बिचारा आपलं काम करत असतो. पण तोच मूत्रमार्गातून वर मूत्राशयात पोचला की गडबड करतो. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 20 सेंटीमीटर लांब, बाईचा जेमतेम 4. शिवाय तो शौचाच्या जागेपासून जवळ. जंतूच्या दृष्टीने बघा, पुरुषाच्या बाबतीत मुरबाडहून कल्याण गाठायचं, आणि बाईच्या बाबतीत नुसतं समोरच्या घरी जायचं. म्हणून हा त्रास बायकांना कितीतरी जास्त होतो.

जंतू आत शिरणं ही काही रोज टाळता येण्यासारखी गोष्ट नाही. शरीराचा त्यावरचा उपाय अगदी साधा आहे, दर थोड्या तासांनी मूत्राशय रिकामं करून त्यांना धुऊन बाहेर काढायचं. पाणी कमी प्यायलं तर लघवी कमी तयार होते, आणि तुंबवून ठेवली तर जंतूंना आत वाढायला निवांत वेळ मिळतो. 2018 साली बल्गेरियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना हा त्रास वारंवार होत होता आणि ज्या पाणी कमी पीत होत्या अशा 140 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांचा त्रास बाकीच्यांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आला. तेव्हा सासूबाईंचं धन्याचं पाणी काही वाया गेलं नसतं. त्यातले धने किती काम करतात ते सोडा, पाणी नक्की करतं. (किडनीचा किंवा हृदयाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी नाही.)

आणि एक कारण, जे सासूसमोर कोणी सांगत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा त्रास बऱ्याच मुलींना होतो. शरीरसंबंधाच्या वेळी बाहेरचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात. इतकं नेहमीचं आहे हे, की डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला हनिमून सिस्टायटिस असं नावच पडलंय. यात नवऱ्याला काही वाईट आजार आहे असं नाही, मुलगी अस्वच्छ आहे असंही नाही. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. याचा पुरावा काही फार भक्कम नाही, पण त्यात तोटाही काही नाही. आता मध्यरात्री परसात जायचं म्हणजे दाराची कडी वाजणार, कुत्रा भुंकणार आणि दादा विचारणार, "कोण आहे?" मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. केलं नाही.

तर, मी काय केलं? मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने ओपीडीत ठेवलेल्या सॅम्पलमधल्या गोळ्या घेतल्या. लघवी तपासली नाही. दोन दिवसांत जळजळ थांबली, गोळ्याही थांबवल्या. पेशंटने असं केलं की मी पाच मिनिटांचं भाषण देते. अर्धवट औषधाने जंतू पुरते मरत नाहीत. चुकीच्या गोळ्या वारंवार घेत गेलं तर त्या गोळ्यांना दाद न देणारेच जंतू मागे उरतात, आणि पुढच्या वेळी डॉक्टरला औषध शोधावं लागतं. मेडिकलमधून आणलेल्या गोड सिरपचंही तेच. त्याने आग कमी होते, जंतू जागच्या जागी.

दहा-बारा दिवसांनी संध्याकाळच्या गाडीत हुडहुडी भरली. वासिंद गेलं तेव्हा दात वाजत होते. ग्रुपमधल्या ताईंनी आपली शाल दिली, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, भट्टी झालीय तुझी." उजव्या बाजूला कमरेच्या वर ठणका. ओकारी. आसनगावला उतरले ती ह्यांच्या खांद्यावर मान टाकूनच.

जंतू मूत्राशयातून किडनीपर्यंत पोचले होते. म्हणूनच जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. दिवस गेलेल्या बाईने तर जळजळीपर्यंतही थांबायचं नाही. गरोदरपणात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि ते किडनीपर्यंत जाण्याचा, वेळेआधी कळा येण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हा लघवीची तपासणी करतातच. ती "मला तर काही होत नाही" म्हणून चुकवू नका. डायबेटिस असेल, किंवा त्रास लहान मुलाला वा पुरुषाला असेल, तरीही घरी उपाय करत बसू नये. आणि प्रत्येक जळजळ म्हणजे हेच असंही नाही. खडा असतो, अंगावरून जाण्याचा त्रास असतो. त्यासाठी तपासणी. जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी स्वच्छ डबीत धरायची, आणि ती अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायची. घरातल्या लोणच्याच्या बरणीत आणलेली चालत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण आणलेली आहे.

मी चार दिवस सलाईनवर होते. तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने मोठ्या, आवाजानेही मोठ्या. "डॉक्टर आहेस ना तू?" इथपासून सुरू झाल्या आणि सासूबाई उशाशी बसलेल्या असताना, संबंधानंतर लघवीला जायचं, दर तीन-चार तासांनी जायचं, लाजायचं नाही, हे सगळं वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगून गेल्या. मी चादर तोंडावर ओढली. आमचे हे औषधं आणायला म्हणून जे गेले ते दीड तासाने आले.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मोसंबी सोलता सोलता म्हणाल्या, "आमच्या टायमाला संडास तरी कुठं होता. पहाटे अंधारात जायचं, नायतर रात्री. दिवसभर आवणी असली तरी घोटभर पाणी प्यायचं नाय. मला पण लागायची उन्हाळी. धा वर्सं लागत होती."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगणार? तुझ्या आजेसासूला?" आणि हसायला लागल्या. मलाही हसू आलं, आणि हसलं की कुशीत दुखायचं.

घरी आले तर मागची पडवी रिकामी. दादांची बाज पुढच्या ओटीवर गेली होती, रस्त्याकडे तोंड करून. संडासाशेजारी झाकणाचं एक निळं पिंप भरून ठेवलेलं. त्यावर बारा वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नाही. दादा मात्र आजही बैठकीत कुरकुर करतात, की मागे वारा कसला छान यायचा, आणि हिने बाज का हलवली ते काही कळलं नाही.