आईची साप्ताहिकी

आमच्या घरी टीव्ही आला तो 1981 च्या दिवाळीत. कृष्णधवल, लाकडी पेटीतला, समोर सरकती दारं असलेला. बाबांनी शनिवार पेठेतल्या वाड्याच्या कौलांवर अँटेना बसवला आणि त्याचं तोंड सिंहगडाकडे केलं. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागलं होतं.

'साप्ताहिकी' लागली की आई हिशेबाची वही घेऊन बसायची. पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम पेन्सिलीने भराभर उतरवायची आणि प्रत्येकापुढे लिहायची: 'हे', 'मुलं' किंवा 'मी'. 'प्रतिभा आणि प्रतिमा'पुढे 'हे', 'किलबिल'पुढे 'मुलं'. 'चिमणराव' सगळ्यांचाच, त्याला खूण लागत नसे. 'मी' असायचं ते एकाच कार्यक्रमापुढे: 'आमची माती आमची माणसं'.

मला तो शेतीचा कार्यक्रम अजिबात आवडायचा नाही. आमच्या घरी माती होती ती तुळशीपुरती. पण खोल्या दोन, टीव्ही एक आणि कार्यक्रमही एका वेळी एकच. आई बघायची म्हणून आम्हीही बघायचो.

एका संध्याकाळी ज्वारीवरच्या काणीची माहिती चालली होती. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, म्हणून पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळावा, किलोला चार ग्रॅम. आईने निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली, वही ओढली, तो आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी बार्शीकडच्या मामाला अंतर्देशीय पत्र गेलं. मामा मालदांडी ज्वारी पेरायचा. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आईचं नाव नव्हतं, लग्नानंतर ती शेतात उतरलीही नव्हती. पण दरवर्षीची पेरणी तिच्या डोक्यात चालू असायची. आईचं माहेर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं.

बाबांच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'नेही मला असंच काहीतरी दिलं. मोठी माणसं संथपणे बोलत, मी गृहपाठ करत अर्ध्या कानाने ऐकत असे. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात कितीतरी लेखकांची नावं ओळखीची निघाली. पुस्तकं मी वाचलेली नव्हती, पण माणसं घरी येऊन गेल्यासारखी वाटत.

मग केबल आली. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झालं आणि 'आभाळमाया'तली सुधा आईला आपली वाटू लागली. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये 'चिमणराव' साकारलेले दिलीप प्रभावळकर आबा झाले, तेव्हा बाबा म्हणाले, "आपला चिमणराव आजोबा झाला!" पण तोवर आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि आतल्या खोलीत दुसरा टीव्ही आला होता. कोणी कोणासाठी थांबायचं कारण उरलं नाही. आईची वही तेव्हाच बंद पडली.

आज माझा फोन मला काल पाहिलेल्यासारखंच आज दाखवतो. जुनी नाटकं पाहिली की आणखी जुनी नाटकं. सोय मोठी आहे, ती मी वापरतोही. पण माझ्या आवडीचा विचार केला की लक्षात येतं, त्यातलं बरंचसं माझं नव्हतंच. शेतीच्या बातमीवर माझी नजर थांबते ती आईमुळे. लेखकाची मुलाखत मी शेवटपर्यंत ऐकतो ती बाबांमुळे. माझ्यावरच सोपवलं असतं तर मी फक्त सिनेमे पाहिले असते.

म्हणून गेली दोन वर्षं रविवारी संध्याकाळी आमच्या घरी एकच पडदा चालू असतो. प्रत्येकाचा रविवार ठरलेला आहे. मुलीच्या रविवारी कोरियन मालिका लागते. सुरुवातीला मला त्यातली माणसं वेगळी ओळखू यायची नाहीत. आता त्यांच्या जेवणाच्या ताटावरून कोण कोणावर रुसलंय तेही कळतं. आणि माझी मुलगी कशाने गलबलते, हेही तिथेच कळलं.

तुमच्याही घरी हे करून बघा. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातल्या दुसऱ्या कोणाच्या आवडीचं पाहा, आणि ते संपेपर्यंत उठू नका.