दुसऱ्या यंत्रासाठी

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधील उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानभवन या वास्तूंचे आराखडे मोठ्या प्रमाणावर ल कॉर्बूझिए यांच्या पॅरिसमधील कार्यालयात आकारास आले. वास्तू मात्र उभ्या राहिल्या त्या शिवालिकच्या पायथ्याशी, इथल्या उन्हात आणि इथल्या मजुरांच्या हातून. घडण एका ठिकाणी व्हावी आणि घडलेली वस्तू दुसऱ्याच ठिकाणी चालावी, या व्यवहाराला संगणकशास्त्रात क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. या शहरात अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहत असता मला मात्र ते कर्तव्य येऊन पडले.

माझ्या काकांच्या छापखान्यातील एक जुना मॅकिंटॉश माझ्याकडे आला. त्याच्या हार्ड डिस्कवर एका बंद पडलेल्या वाङ्मयीन नियतकालिकाचे अंक होते. कागदी प्रती बव्हंशी वाळवीने खाल्लेल्या. यंत्र सुरू होई, पण आजच्या कोणत्याही यंत्राशी बोलत नसे. त्यावर लिनक्स चढवावे, असे ठरले. त्यासाठी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्याच्या मोटोरोला 68030 या प्रोसेसरला कळेल अशा आज्ञांत उतरवायला हवा. तेवढे काम झेपण्याची त्या यंत्राची ताकद नव्हती. ते माझ्या लॅपटॉपवर करावे लागले.

ही रीत नवी नव्हे. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्सचा आरंभ केला, तेव्हा पीडीपी-7 या लहान यंत्रासाठीचे लेखन मोठ्या यंत्रावर सिद्ध होई आणि छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून हातांनी तिकडे नेले जाई.

दोन यंत्रांच्या सवयी वेगळ्या असतात. अनेक बाइटांची संख्या स्मृतीत ठेवताना मोटोरोलाचा हा प्रोसेसर मोठ्या स्थानापासून आरंभ करतो, माझ्या लॅपटॉपमधील इंटेलचा लहान स्थानापासून. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 25 लिहिताना आपण दशक आधी लिहितो आणि ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो. दोन्ही क्रम एकाच डोक्यात बिनबोभाट नांदतात. यंत्राला मात्र कोठे कोणता क्रम, ते आधी सांगावे लागते.

अनुवादाचा विचार करताना हा तपशील मला फार मोलाचा वाटला. कंपायलर कोणत्या यंत्रावर बसला आहे, याला महत्त्व थोडे. ज्या यंत्रासाठी तो लिहितो, त्याची एकेक आज्ञा त्याला ठाऊक असावी लागते. अनुवादक पॅरिसमध्ये बसला की पुण्यात, यापेक्षा त्याने आपला वाचक किती बारकाईने जाणला, हा प्रश्न मोठा. आणि खरी परीक्षा होते ती त्या वाचकापाशीच. 1955 मध्ये सुरू झालेल्या इथल्या उच्च न्यायालयात न्यायदालनांपुढे पाऊस आणि ऊन यांपासून आडोसा म्हणून पुढे व्हरांडा जोडावा लागला. पंजाबचा पाऊस आराखड्याच्या कागदावर पडत नाही.

आणखी एक गोष्ट या उद्योगात कळली. 2001 मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरला लिनक्सच्या गाभ्यातून जानेवारी 2024 मध्ये निरोप मिळाला. 1979 च्या 68000 चे कुळ मात्र त्यात अजून आहे. वयाने कोणी मरत नाही आणि भांडवलाने कोणी तरत नाही. ज्याच्यासाठी काही माणसे नित्य थोडी डागडुजी करीत राहतात, ते टिकते. भारतीय भाषांच्या भवितव्याविषयी परिसंवादांतून आपण पुष्कळ बोलतो. तेथे बोलणाऱ्यांची संख्या मोजली जाते, डागडुजी करणाऱ्यांची क्वचितच.

गाभा चालला, अंक बाहेर आले. ते अजून वाचता येत नाहीत. युनिकोडपूर्व काळातील त्या फाँटमध्ये अक्षरांना खाजगी क्रमांक दिलेले आहेत, आणि कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता वाळवीतून वाचलेल्या चार अंकांशी ताडून मी करीत आहे. परवा ‘क्ष’ सापडला.