बोरोबुदूरचा दगड

पतपेढीतून कर्ज काढून आम्ही पाच जण इंडोनेशियातील जावा बेटावर गेलो, ते बोरोबुदूर पाहण्यासाठी. नवव्या शतकाच्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूत ५०४ बुद्धमूर्ती आहेत. दगड झिजू नये म्हणून वर चढताना विणलेल्या चपला घालायला देतात. मूर्तींपुढे हात जोडून झाल्यावर आम्ही भिंतीवरून हात फिरवला. करडा, बारीक छिद्रांचा दगड. वाटाड्याने पूर्वेला मेरापी ज्वालामुखीकडे बोट दाखवले. म्हणाला, “हा ज्वालामुखीचाच दगड. जवळच्या नद्यांतून आणला.”

वाचकहो, या दगडाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. जावाच्या दक्षिणेला समुद्रात सात किलोमीटरहून खोल घळ आहे. तेथे ऑस्ट्रेलियाकडचा समुद्रतळ वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वेगाने जावाखाली शिरतो. आपली नखे वाढतात त्याच्या साधारण दुप्पट वेग!

कवचाखाली असते प्रावरण. तेथे लाव्हारस उकळत असतो, असे आम्हाला शाळेपासून वाटे. तसे नाही. प्रावरण तापलेले असले तरी बहुतेक घट्ट दगडच आहे. मग ते वितळते कसे? पाण्यामुळे. बुडणाऱ्या तळाच्या खनिजांत समुद्राचे पाणी बांधलेले असते. शंभर किलोमीटरच्या आसपास खोलीवर उष्णतेने व दाबाने ते सुटते आणि वरच्या प्रावरणात शिरते. कोरडा दगड ज्या उष्णतेत टिकतो, त्याच उष्णतेत ओला दगड वितळू लागतो. तो रस वर चढतो, आणि मेरापी उभा राहतो.

बुडालेला तळ मात्र तेथेच थांबत नाही. भूकंपलहरींवरून शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला आहे. जावाखाली तो ६६० किलोमीटरची सीमा ओलांडून खालच्या प्रावरणात उतरला आहे. वाटेत तो प्रावरणाला थंड करतो, ढवळतो आणि आपल्या वजनाने मागचा समुद्रतळ ओढून घेतो.

आपल्या अजिंठ्याचा दगडही प्रावरणाच्याच रसाचा. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पसरला आणि कधीच निवाला. मेरापी अजून निवालेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या उतारावर गेलो. एका घरात २०१० सालच्या उद्रेकाच्या खुणा जपल्या आहेत. वितळलेले घड्याळ, गुरांची हाडे. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला शास्त्रज्ञांनी सर्वोच्च इशारा दिला आणि दुसऱ्याच दिवशी डोंगर फुटला. डोंगराचे राखणदार मानले जाणारे वृद्ध म्बाह मारिजान गाव सोडून गेले नाहीत. त्यांचा अंत झाला. पुढच्या काही आठवड्यांत साडेतीनशेवर माणसे गेली. पण सुमारे साडेतीन लाख लोकांनी घरे सोडली होती, म्हणून हजारोंचे प्राण वाचले. बोरोबुदूरही राखेने झाकले गेले होते. लोकांनी ती राख हातांनी काढली.

उतारावर एक बाई मिरचीचे रोप लावीत होती. भीती वाटत नाही का, असे आम्ही वाटाड्याकरवी विचारले. ती हसली. “राखेमुळे माती चांगली होते. भोंगा वाजला की आम्ही मुलांना घेऊन निघतो.”

डोंगर कोणावर कोपत नाही. त्याच्या आगीला कारण आहे, आणि ते आपल्याला कळू शकते. ज्यांनी इशारा मानला, ते परत येऊन त्याच मातीत पेरणी करीत आहेत.